घळ कुणाची?

"घळ कुणाच्या हद्दीत उगवली, एवढंच सांगा आक्का. बाकी काही नको."

आक्का मठाच्या अंगणात शेण कालवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारी होती तेजल दहिफळे. डोंगराची माती वाहून जाऊ नये म्हणून चर खणणाऱ्या, बांध घालणाऱ्या सरकारी खात्यातली तरुण अधिकारी. लोक तिला चरवाल्या मॅडम म्हणत. तिचे चर पाहायला दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसं येत, आणि हे ती कुणी न विचारताही सांगे.

तिच्यामागे, पायरीखाली, बुटांच्या नाड्या सोडत बसला होता भास्कर लांघी. जंगलखात्याचा वनपाल. तोही हाच प्रश्न घेऊन आला होता.

गवळदऱ्याचा डोंगर या दोन खात्यांत उभा वाटलेला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक सरळ रेघ. डावीकडे जंगल, ते लांघीचं. उजवीकडे गायरान आणि शेतं, ती तेजलची. रेघेवर हद्दीचे दगड.

आणि त्या दगडांच्या रांगेतूनच घळ पडली होती.

पाणी खाली पळतं. घळ मात्र वर चढते. तिचं तोंड माती खात खात मागे सरकतं. मागच्या वर्षी ती पायथ्याशी होती. आता मठाच्या खालच्या अंगाला, वरच्या वाडीच्या विहिरीपाशी येऊन थांबली होती. आणखी एक दांडगा पाऊस, की विहीर तिच्या तोंडात. वाडीला दुसरं पाणी नव्हतं.

मठ अगदी रेघेवर. मोजणी झाली तेव्हा आक्का इथेच होत्या. पहिला दगड त्यांच्या कुंपणाला लागून रोवला होता. म्हणून जिल्हाधिकारी बाईंनी दोघांना सांगितलं होतं, आक्कांना विचारून या. घळ ज्याच्या हद्दीत सुरू झाली, त्यानं ती बुजवायची.

दोघांनाही ती दुसऱ्याची हवी होती.

"आक्का... ऐकताय ना?"

"अंगण सारवायचंय," आक्का म्हणाल्या. "पोळा तोंडावर आला. माझे गुडघे वाकत नाहीत."

"अहो, मंगळवारी बैठक आहे."

"तोवर वाळेल."

तेजलने लांघीकडे पाहिलं. लांघीने आभाळाकडे. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चटचटत होतं. सुटायला सबब नव्हती.

"मी कधी सारवलेलं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे फरशी आहे."

लांघी हसला. "आमच्याकडे अजून आई सारवते, मॅडम. मी लहानपणापासून बघतोय."

"बघतोस की करतोस?" आक्कांनी विचारलं.

"...बघतो."

"मग दोघं सारखेच. घ्या पाटी."

अंगणाच्या बरोबर मध्ये एक तुळस होती. वृंदावन वगैरे काही नाही, नुसती मातीत लावलेली.

"तुळशीच्या उजवीकडचं माझं," तेजल म्हणाली.

"डावीकडचं माझं," लांघी म्हणाला.

आक्कांनी सूप ओढलं. पायरीवर बसून तांदूळ निवडू लागल्या.

तेजलने ओढणी कमरेला बांधली. पहिला हात फिरवला आणि शेणातून एक काळा किडा चालत बाहेर आला. ती किंचाळून उभी राहिली.

"त्याची हद्द आहे मॅडम ती," लांघी पलीकडून म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पुन्हा वाकली. हात अर्धगोल फिरवायचा, मागच्या हातावर थोडा चढवायचा, हे तिला हळूहळू जमलं. मग तिचे हात एकसारखे उमटू लागले. लांघीचे जाड पडत होते. तिने ते तिरक्या नजरेने पाहून घेतलं, आणि आणखी बारीक हात मारले.

दोघं मध्यावर आले.

तेजलचा हात थांबला. पलीकडे लांघीचाही.

"घ्या ना पुढे," लांघी म्हणाला.

"नको. तुमच्या बाजूला लागेल."

"मग मीही इथंच थांबतो. उगाच तुम्ही म्हणायला नको."

मध्ये वीतभर कोरी माती उरली. पायरीपासून खालच्या कुंपणापर्यंत, तुळशीच्या बुडाशी घासून गेलेली, सरळसोट. दोन्हीकडची कड इतकी नीट होती की दोघांनाही ती पाहून बरं वाटलं.

"झालं आक्का."

आक्कांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. "नाव ठेवायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "दोघांनाही."

"मग आता सांगा. घळ..."

"वाळू दे."

आक्कांनी भाकरी वाढली, पिठलं वाढलं. तिघं ओसरीत जेवली. ऊन सारवणावरचं पाणी ओढून घेत होतं. तेजलला गप्प बसवेना.

"माझ्या कामात चूक नाहीये, आक्का. मी माथ्यावर सुरुवात करते आणि पायथ्याला संपवते. शास्त्रच तसं आहे. वरचं पाणी वर अडवायचं. माझ्या एकाही चरातून आजवर माती वाहिलेली नाही."

"वर सुरुवात, खाली शेवट," आक्का म्हणाल्या.

"हो."

"आणि मध्ये?"

"मध्ये... म्हणजे? मध्येही चर आहेत."

आक्कांनी तिच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

कुंपणाच्या बाहेरून आवाज आला. "आहेत का खात्यावाले?" वाडीतली हौसाबाई भांगरे विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन येत होती. तिने ती पायरीवर टेकवली आणि दोघांना निरखून पाहिलं. "मला एकदा सांगून ठेवा, मंगळवारनंतर कळशी विहिरीत सोडायची का घळीत."

"चाललंय बाई, तेच चाललंय," लांघी म्हणाला.

"चाललंय खरं. घळपण चाललीय."

आक्का उठल्या. सारवणावर बोट टेकवून पाहिलं. वाळलं होतं. त्या पायरीवर आल्या, हौसाबाईची कळशी दोन्ही हातांनी उचलली, आणि अंगणात उपडी केली.

तेजल ताट लवंडून उभी राहिली. "आक्का! आत्ता वाळलंय ते!"

"अगं बाई, माझी कळशी!" हौसाबाई ओरडली.

"दुसरी भर. विहीर आहे तोवर."



पाणी सारवणावर पसरलं. वाळलेल्या सारवणाने ते प्यायलं नाही. उजवीकडचं पाणी घसरत मध्ये आलं. डावीकडचंही मध्ये आलं. वीतभर कोऱ्या मातीत दोन्ही मिळाली, लाल झाली आणि पळत सुटली. तुळशीच्या बुडाशी एक भोवरा झाला. माती निघाली. बारीक पांढरी मुळं उघडी पडली, आणि तुळस हळूच एका बाजूला कलली.

सारवण तसंच होतं. दोन्हीकडचं. एक पोपडा निघाला नव्हता.

...

"सांगा," आक्का म्हणाल्या. "कुणाचं सारवण चुकलं?"

"माझं नाही," लांघी म्हणाला.

"माझंही ना..."

तेजल मध्येच थांबली. स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्यासारखी.

मग ती पळाली. चपला न घालता, उष्टा हात तसाच. अंगण ओलांडून, कुंपण ओलांडून, उतारावरून खाली.

"मॅडम! अहो, काटे आहेत!" लांघी बूट हातात घेऊन मागे धावला.

ती घळीच्या काठावर उभी होती. धापा टाकत. खाली पाहत नव्हती, आजूबाजूला पाहत होती.

उजवीकडे तिचे चर. एका पातळीत, एका खोलीचे, पाहायला माणसं येत ते. हद्दीचा दगड येण्याआधीच प्रत्येक चर थांबलेला. दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर आपली कुदळ पडू नये म्हणून तिने स्वतः चुना टाकून जागा सोडायला लावली होती.

डावीकडे लांघीचे चर. तेही दगडाच्या आधी थांबलेले. त्याच कारणासाठी.

दोन्हीकडच्या चरांची तोंडं उघडी, एकमेकांसमोर. भर पावसात चर तुडुंब भरत आणि टोकाशी सांडत. इकडून आणि तिकडून. मधल्या पट्टीत. जितके चर चांगले, तितकं पाणी जास्त.

"लांघी साहेब," ती म्हणाली, "ही घळ आपण खणलीय."

"काय बोलताय? मी हद्दीबाहेर एक कुदळ मारलेली नाही."

"मीही नाही."

लांघीने आपल्या चराकडे पाहिलं. मग तिच्या. मग दोन्हींमध्ये... त्याच्या हातातला एक बूट खाली पडला आणि घरंगळत घळीत गेला.

तो तिथेच काठावर बसला.

"माझ्या खात्यात शाबासकी मिळाली होती हो या कामाला," तो हळूच म्हणाला.

"मला पण."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाच वेळी हसू लागले, आणि ते हसू काही केल्या थांबेना. वरून हौसाबाई दुसरी कळशी भरता भरता पाहत होती. तिला वाटलं, आता विहीर गेलीच.

संध्याकाळ व्हायच्या आत तेजल परत मठात आली. आक्का तुळशीच्या बुडाशी माती दाबत होत्या.

"कळलं मला, आक्का."

"बरं."

"पण मंगळवारी मी 'माझी' म्हटलं, की घळ माझ्या नावावर चढेल. आणि पुढच्या पावसात विहीर गेली, तर... तीही माझ्याच नावावर. मला आत्तापासूनच धडधडतंय. माझा आवाजच फुटणार नाही तिथे."

"भीती कुठे वाटते?"

तिने पोटावर हात ठेवला.

"मग बरंय," आक्का म्हणाल्या. "बोलायचं तोंडाने असतं. जा, हात धू."

मंगळवारी बैठकीत जिल्हाधिकारी बाईंनी थेट विचारलं, "आक्का काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या," लांघी म्हणाला. "अंगण सारवून घेतलं."

टेबलाभोवती खसखस पिकली.

"मग? घळ कुणाची?"

तेजलच्या हातून पेन पडलं. त्या आवाजाने ती स्वतःच दचकली. पेन उचलायला वाकली, आणि टेबलाखालूनच तिचा आवाज आला.

"माझी."

"काय म्हणालात?"

ती वर आली. लाल झालेली. "घळ माझी आहे, मॅडम. माझ्या चरांचं पाणी तिच्यात सांडतं."

"नाही मॅडम," लांघी उभा राहिला. "माझी आहे."

"मी आधी म्हटलंय," तेजल म्हणाली.

"तुम्ही आधी म्हटलं असेल. माझे चर तुमच्या आधीचे आहेत. पहिलं पाणी माझं सांडलं."

"तुमचे उथळ आहेत! माझ्या चरात पाणी जास्त साठतं, जास्त सांडतं."

"उथळ? या, मोजा येऊन!"

"येतेच!"

 जिल्हाधिकारी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"हे भांडण डोंगरावर जाऊन करा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. परवानगीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी तेजलची माणसं रेघ ओलांडून लांघीच्या जमिनीत हातभर शिरली. लांघीची माणसं तिच्या जमिनीत हातभर शिरली. पहिल्या कुदळीला कुणी हात घालेना. सवयच नव्हती. शेवटी तेजलने कुदळ घेतली आणि लांघीच्या हद्दीत मारली. मग तिच्या हद्दीत लांघीने मारली, जरा जास्तच जोरात.

चरांची उघडी तोंडं मिटली. मधल्या पट्टीवर, रेघेवरून आडवे, दगडी बांध बसू लागले. आधी विहिरीखाली, घळीच्या तोंडाशी. मग एकाखाली एक.

घळीच्या तळाशी हद्दीचा एक दगड पडलेला सापडला. लांघीने लगेच सगळ्यांना मागे सारलं.

"याला हात लावायचा नाही. हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे."

"हलवला कुणी?" तेजल म्हणाली. "पाण्याने हलवला. पाण्यावर गुन्हा दाखल करा."

मोजणीवाले आले, त्यांनी जुनी जागा दाखवली. दगड तिथेच परत उभा केला. मग त्याच्या दोन्ही कुशींना दगड रचत बांध चढवला. दगड आपल्या जागी राहिला, बांधाच्या पोटात.

"आता हा दगडपण कामाला लागला," हौसाबाई म्हणाली.

पाऊस आला तो जाता जाता. आश्विनातला, परतीचा. दुपारी आभाळ एकदम काळं झालं आणि डोंगर दिसेनासा झाला. असा पाऊस वाडीतल्या म्हाताऱ्यांनीही फार पाहिला नव्हता.

वाडी विहिरीपाशी जमली. कुणी घोंगड्यात, कुणी पोत्याची खोळ घेऊन. लांघी काठावर. तेजल त्याच्या शेजारी, डोळे गच्च मिटून.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"चर भरले."

"सांडले?"

"...थांबा."

विजेने डोंगर उजळला. ती थरथरली, पण डोळे उघडले नाहीत.

"मॅडम, डोळे उघडा की," हौसाबाई तिच्या कानाशी ओरडली. "बघायला पैसे पडत नाहीत!"

तिने एक डोळा उघडला.

पाणी पहिल्या बांधाशी आलं होतं. लाल, गढूळ. बांधाला टेकलं. चढू लागलं. दगडांच्या फटींतून इकडून तिकडून डोकावलं, अडलं, माती तिथेच टाकली... आणि मग माथ्यावरून, पांढरं होऊन, एका पातळीत खाली आलं. दुसऱ्या बांधाशी पुन्हा टेकलं. पुन्हा थांबलं. पुन्हा उतरलं.

पळत नव्हतं. उतरत होतं.

हद्दीचा दगड बांधाच्या मध्ये उभा होता. दोन्ही बाजूंनी पाणी त्याला अंघोळ घालून पुढे जात होतं.

विहीर जागच्या जागी. कठड्याचा एक चिरा हलला नव्हता.

आधी कुणाला खरं वाटलं नाही. मग लांघीने आपली टोपी आभाळात भिरकावली. ती परत आलीच नाही, वाऱ्यानेच नेली. वाडी एका आवाजात ओरडली. पोरींनी त्या पावसातच फेर धरला. हौसाबाईने विहिरीत दोर सोडला, कळशी भरून वर ओढली आणि तेजलच्या डोक्यावर उपडी केली.

"अहो! भिजलेय ना मी आधीच!"

"ते आभाळाचं होतं. हे विहिरीचं आहे."

तेजल हसत होती आणि रडतही होती. पाण्यात कळत नव्हतं, ते बरं होतं.

पाऊस ओसरल्यावर ती मठात गेली. लांघी बरोबर होता, अनवाणी. मागून अख्खी वाडी. कुणीतरी डफ आणला होता, तो भिजल्यामुळे भलताच आवाज काढत होता, तरी वाजवणं थांबत नव्हतं.

आक्का पायरीवर बसल्या होत्या. तुळस सरळ उभी होती. तिला नवी पानं फुटली होती.

तेजल पायरीपाशी वाकली. बोलायचं खूप होतं. घळीचं तोंड कसं जागीच थांबलं, गाळ कसा बसला, पुढच्या वर्षी त्यात गवत कसं लावायचं... पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आक्का, आता तरी सांगा. मोजणी झाली तेव्हा तुम्ही होतात. घळ उगवली कुणाच्या हद्दीत?"

डफ थांबला. सगळ्यांनी कान टवकारले.

आक्कांनी अंगणाकडे पाहिलं. पावसाने जागोजाग पोपडे निघाले होते. दिवाळी तोंडावर आली होती. त्यांनी पायरीमागून शेणाची पाटी ओढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

"या खेपेला," त्या म्हणाल्या, "तुळशीपासून सुरुवात करा."